बर्फावरचे आमिष

उत्तर अमेरिकेत हिवाळा सुरू झाला की गोठलेल्या तळ्यांवर आणि शेतांच्या कडेला मेलेल्या जनावरांची मढी नेऊन टाकली जातात. कोयोटी नावाच्या प्राण्याला बंदुकीच्या टप्प्यात आणण्यासाठी मांडलेले हे आमिष! शंभर वर्षांहून अधिक काळ माणूस या प्राण्याच्या मागे हात धुऊन लागला आहे. तरीही तो संपलेला नाही. उलट, आज तो पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या मुलखात नांदतो आहे. असे का व्हावे?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात जानेवारीतला दिवस फार लहान. दुपारचे चार वाजतात न वाजतात तोच संध्याकाळ उतरू लागते. पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांवर गेलेला असतो. तळ्याचे पाणी इतके घट्ट गोठते की त्यावरून खुशाल मोटार न्यावी. अशा तळ्याच्या काठी, झाडांच्या आडोशाला, फळ्या ठोकून केलेले एखादे खोपटे दिसते. आपल्याकडचे जुने शिकारी ज्याला लपण म्हणत, तेच हे. आत अंगावर कपड्यांचे थर चढवून एक माणूस बसलेला असतो. पायाशी छोटी शेगडी, खिडकीच्या फटीतून बाहेर डोकावणारी बंदूक. समोर दीड-दोनशे पावलांवर, पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे आमिष.

आमिषासाठी फारसा खर्च येत नाही. शेजारच्या गोठ्यात मेलेले वासरू, खाटकाच्या दुकानातली चरबी आणि हाडे, हरणाचे मांस काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा, असे जे मिळेल ते चालते. फासे लावणारे लोक बीव्हर या पाणप्राण्याचे कातडे काढून घेतात आणि धड टाकून देतात. तेही उपयोगी पडते. अनुभवी शिकारी आणखी एक युक्ती करतात. मांसाचे तुकडे बादलीत घालून वर पाणी ओततात आणि बादली रात्रभर बाहेर ठेवतात. सकाळी बादलीच्या आकाराचा ठोकळा तयार होतो. असा ठोकळा मांडला की कोयोटीला घास उचलून पळ काढता येत नाही. तिथेच बसून कुरतडत राहावे लागते, आणि तेवढा वेळ बंदुकीला पुरतो.

आमिष मांडले की लगेच कोयोटी येतो, असे मात्र नाही. पहिले पाहुणे असतात कावळे. त्यांची ये-जा आणि आरडाओरडा सुरू झाला की शिकारी मनातून खूश होतो. रानात बातमी पोचली, असा त्याचा अर्थ. मग एका सकाळी बर्फावर पावलांचे ठसे उमटलेले दिसतात. पहिल्या रात्री कोयोटी बहुधा तोंड लावत नाही. लांबून फेरी घालतो, वाऱ्याच्या खालच्या बाजूला येतो आणि वास घेतो. माणसाचा, तेलाचा, तंबाखूचा जराही गंध आला तर आल्या पावली परततो. म्हणूनच कित्येक शिकारी पहिले काही दिवस लपणाकडे फिरकतसुद्धा नाहीत. आधी पाहुण्याची भीड चेपू द्यायची, मग बंदूक काढायची, असा हा संयमाचा खेळ आहे.

अखेर एका चांदण्या रात्री झाडीतून एक सावली बाहेर पडते. दहा पावले चालते, थांबते, कान टवकारते. मागून दुसरी येते. बंदुकीचा आवाज तळ्यावर घुमतो. एक जागीच कोसळतो, दुसरा क्षणात दिसेनासा होतो. येत्या उन्हाळ्यात हरणाची दोन-चार पाडसे तरी वाचतील, शेजाऱ्याची कोकरे वाचतील, असे समाधान मानून शिकारी घरी परततो.

हे समाधान कितपत खरे आहे, हाच खरा प्रश्न आहे.

कोल्ह्याचा थोरला भाऊ

कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा आणि लांडग्याचा जवळचा नातलग. आकारानेही तो या दोघांच्या मधला. नैर्ऋत्येकडच्या वाळवंटातला कोयोटी दहा-बारा किलोंचा, तर ईशान्येकडच्या थंड रानातला पंधरा ते वीस किलोंपर्यंत भरतो. करडा-पिंगट रंग, निमुळते तोंड, मोठे कान आणि झुबकेदार शेपूट. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘कोयोत्ल’ या शब्दावरून त्याचे नाव आले. थॉमस से या अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञाने १८२३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला ‘कॅनिस लॅट्रान्स’ म्हणजे ‘भुंकणारा श्वान’ असे नाव दिले.

त्याची कोल्हेकुई ऐकण्यासारखी असते. दोघे जण मिळून ओरडू लागले तर ऐकणाऱ्याला वाटते, निदान सात-आठांचे टोळके जमले आहे. सूर सारखा वरखाली करायचा, मधेच भुंकायचे, मधेच किंचाळायचे, यामुळे हा भास होतो. ‘रानात कोयोटींचा सुळसुळाट झाला आहे’ अशी तक्रार पुष्कळदा या भासातूनच जन्म घेते.

खाण्याच्या बाबतीत या प्राण्याला कशाचेच वावडे नाही. उंदीर, ससे, टोळ, मेलेली जनावरे, हरणाची पाडसे आणि जमेल तेव्हा मोठे हरणसुद्धा. शिवाय बोरे, सफरचंदे आणि कलिंगडे. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही आपली म्हण त्यालाही बरोबर लागू पडते. २००७ साली शिकागोच्या भरवस्तीत एक कोयोटी दिवसाढवळ्या सँडविचच्या दुकानात शिरला आणि थंड पेयांच्या उघड्या कपाटात जाऊन शांतपणे पहुडला. त्या शहराच्या परिसरात २००० सालापासून शास्त्रज्ञ कोयोटींच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांचा अभ्यास करीत आहेत. रेल्वेमार्गाच्या कडेला, दफनभूमीत, गोल्फच्या मैदानात हे प्राणी माणसाच्या नजरेआड संसार थाटून आहेत, असे त्यातून दिसून आले.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना त्याची ही हुशारी फार पूर्वीपासून ठाऊक होती. अनेक जमातींच्या कथांत कोयोटी हा लबाड, खोडकर, कधी जग घडवणारा तर कधी स्वतःच्याच फजितीला कारण होणारा नायक आहे. नवाहो लोकांत या कथा फक्त हिवाळ्यातच सांगायच्या, असा रिवाज आहे. साप आणि अस्वले झोपी गेल्यावर या कथांना सुरुवात होते आणि वसंतातली पहिली मेघगर्जना झाली की त्या थांबतात. ज्या ऋतूत एकीकडे त्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्याच ऋतूत दुसरीकडे त्याच्यासाठी मढे मांडले जाते.

वैर कशासाठी?

शिकारीसाठी हिवाळाच का, याची कारणे साधी आहेत. थंडीत कोयोटीची लव दाट आणि मऊ होते, त्यामुळे कातड्याला किंमत येते. बर्फात अन्न दुर्मीळ होते, म्हणून मढ्याचा वास त्याला लांबून खेचून आणतो. बर्फावर ठसे दिसतात आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर सावज चटकन नजरेत भरते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कोयोटी मारण्यावर संख्येची मर्यादा नाही. रात्री शिकार करावी की नाही, आमिष घरांपासून आणि रस्त्यांपासून किती लांब असावे, जमीनमालकाची परवानगी कशी घ्यावी, याचे नियम मात्र राज्याराज्यांत वेगळे आहेत. मेनमध्ये डिसेंबरच्या मध्यावर रात्रीच्या शिकारीचा मोसम सुरू होतो.

शिकाऱ्याची बाजूही ऐकून घ्यायला हवी. आमिषावर आलेला प्राणी स्थिर उभा असतो, त्यामुळे नेम अचूक लागतो आणि तो जखमी होऊन तडफडत राहत नाही, असे त्याचे म्हणणे असते. तो कोयोटीच आहे, कुणाचा पाळीव कुत्रा नाही, हे नीट पाहून घ्यायला सवडही मिळते. या म्हणण्यात तथ्य आहे.

मेंढपाळाची व्यथा तर त्याहून खरी आहे. अमेरिकी कृषी खात्याने वेळोवेळी केलेल्या पाहण्यांत, शिकारी प्राण्यांनी मारलेल्या मेंढ्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या कोयोटीच्या खात्यावर जमा आहेत. वसंतात कोकरे जन्मतात, नेमकी त्याच सुमारास कोयोटीच्या बिळातही पिल्ले असतात. भुकेल्या पिल्लांसाठी आईबाप जी धावपळ करतात, तिचा फटका कळपाला बसतो. रात्रभर जागून जन्माला घातलेले कोकरू सकाळी गळा फाडलेल्या अवस्थेत सापडले, तर त्या मेंढपाळाला पर्यावरणाचा उपदेश कोण करणार?

माणसाला मात्र या प्राण्यापासून फारसा धोका नाही. कोयोटीच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या अवघ्या दोन घटनांची नोंद आहे. एक १९८१ साली कॅलिफोर्नियात घडली, दुसरी २००९ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात.

विषाचे शतक

मढे मांडण्याची ही पद्धत आजची नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मैदानी मुलखात गवे मारले जात, तेव्हा त्यांच्या मढ्यांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष भरून ठेवण्याचा धंदाच सुरू झाला. लांडगे हे मुख्य लक्ष्य होते. पण त्या मांसाला जो जो तोंड लावील तो तो मरे. कोयोटी, खोकड, गरुड, कावळे आणि पाळीव कुत्रेसुद्धा.

पुढे सरकारनेच हे काम अंगावर घेतले. १९१५ साली अमेरिकी काँग्रेसने हिंस्र प्राण्यांच्या नाशासाठी पैसा मंजूर केला. १९३१ साली त्यासाठी खास कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘कंपाउंड १०८०’ हे नवे विष हाती आले. घोड्याच्या किंवा मेंढीच्या मांसात ते भरून रानोमाळ ठिकठिकाणी मांडले जाई. अखेर लोकमताचा रेटा वाढला आणि १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा विषप्रयोगाला बंदी घातली.

ही बंदी आली तरी मारणे थांबले नाही. फासे, बंदुका, विमानातून झाडलेल्या गोळ्या अशा मार्गांनी सरकारी यंत्रणेने २०१६ या एका वर्षात ७६ हजारांहून अधिक कोयोटी मारले. खासगी शिकाऱ्यांनी मारलेले यात धरलेले नाहीत. युटा राज्याने तर २०१२ पासून मारलेल्या प्रत्येक कोयोटीमागे ५० डॉलरचे बक्षीस ठेवले.

एवढा संहार होऊनही झाले काय? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोयोटी मुख्यतः पश्चिमेकडच्या मैदानांत आणि वाळवंटांत होता. आज हवाई बेटे सोडली तर अमेरिकेचे एकही राज्य त्याच्यावाचून नाही. उत्तरेला तो अलास्कापर्यंत पोचला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेला पनामात त्याची नोंद झाली. पूर्वेकडे सरकताना वाटेत त्याचा लांडग्यांशी आणि कुत्र्यांशी संकर झाला. म्हणूनच मेनमधला कोयोटी पश्चिमेकडच्या भाऊबंदांपेक्षा अंगापिंडाने मोठा आहे.

याचे एक कारण माणसानेच पुरवले. कोयोटीचा खरा वैरी होता लांडगा. विषाने आणि बंदुकीने माणसाने लांडगा जवळजवळ संपवला आणि कोयोटीला रान मोकळे करून दिले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले अखेरचे लांडगे १९२६ साली मारले गेले. तब्बल सात दशकांनी, १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून तिथे सोडण्यात आले. पुढच्या काही वर्षांतच उद्यानाच्या लमार खोऱ्यातले कोयोटी सुमारे निम्म्यावर आले. जे माणसाच्या बंदुकीला साधले नव्हते, ते लांडग्यांच्या एका टोळीने करून दाखवले.

मारावे तितके वाढतात

कोयोटी बहुधा जोडीने राहतो. नर-मादी वर्षानुवर्षे एकत्र असतात आणि आपली हद्द राखतात. त्या हद्दीत इतर मोठी मादी असली तरी ती सहसा विणीला लागत नाही. ती थोरल्या जोडीची पिल्ले सांभाळायला मदत करते. म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचा वचक हाच संख्येला लगाम असतो.

बंदुकीने ही घडी विसकटते. थोरली मादी मारली गेली की धाकट्या माद्या विणीला लागतात. मोकळ्या झालेल्या हद्दीत बाहेरचे तरुण कोयोटी शिरतात. तोंडे कमी झाल्यामुळे उरलेल्यांना भरपूर खायला मिळते, आणि चांगली पोसलेली मादी अधिक पिल्ले देते. फ्रेडरिक नोल्टन या शास्त्रज्ञाने १९७२ साली टेक्सासमधला आपला अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे कोयोटी फारसे मारले जात नव्हते, तिथे मादीमागे सरासरी चारच्या आसपास पिल्ले होती. जिथे संहार जोरात होता, तिथे हा आकडा सातच्या जवळ गेला होता.

१९७५ साली कॅलिफोर्नियातल्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर हिशेब मांडला. दरवर्षी एकूण संख्येच्या ७५ टक्के कोयोटी मारले, आणि ते सतत पन्नास वर्षे मारत राहिले, तरच हा प्राणी संपेल, असे त्यांचे गणित सांगते. लपणात बसणाऱ्या शिकाऱ्यांकडून असा संहार कधीच होणे नाही.

शिवाय मरतो कोण, हाही मुद्दा आहे. आमिषाला भुलून येतात ते बरेचसे पहिल्याच हिवाळ्यातले, आईबापांपासून नुकतेच दूर झालेले, अननुभवी कोयोटी. मेंढ्यांवर हात मारणारे असतात ते मुख्यतः हद्द राखून असलेले, पिल्ले वाढवणारे थोरले जोडपे. कॅलिफोर्नियात झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसून आले आहे. ही मुरलेली जोडी मढ्याभोवती चार फेऱ्या मारते आणि बंदुकीच्या टप्प्यात येत नाही. दरोडेखोर बाहेरच राहतो आणि सापडतो तो रस्ता चुकलेला पोर!

मढ्याचा जमाखर्च

आता पुन्हा त्या गोठलेल्या तळ्याकडे वळू. शिकाऱ्याच्या जमाखर्चात एकच रकाना असतो, किती कोयोटी पडले याचा. परंतु बर्फावरच्या त्या मढ्याला आणखीही रकाने आहेत.

जानेवारी ते मार्च हा कोयोटीच्या मीलनाचा काळ. सुमारे दोन महिन्यांनी मादी विते. निसर्गात हाच काळ उपासमारीचा. याच दिवसांत मादीला पोटभर मिळाले की नाही, यावर वसंतातल्या पिल्लांची संख्या बरीचशी अवलंबून असते. नेमक्या याच वेळी शिकारी तिच्या वाटेवर गाय नाहीतर वासरू आणून टाकतो. आठ-दहा कोयोटी रात्री-अपरात्री येऊन त्यावर ताव मारतात. त्यांतले एक-दोन गोळीला बळी पडतात. बाकीचे धष्टपुष्ट होऊन जोडीदार शोधायला निघतात. एका हाताने मारायचे आणि दुसऱ्या हाताने पोसायचे, असा हा व्यवहार होऊन बसतो.

मेंढपाळांना कृषी अधिकारी आवर्जून सांगतात की, मेलेले जनावर शेतात पडू देऊ नका. ते खोल पुरा किंवा त्याचे रीतसर खत करा. मढ्याच्या वासाने कोयोटी जवळ येतो, त्याला गुराढोरांच्या मांसाची चटक लागते आणि मग त्याचे पाय गोठ्याकडे वळू लागतात. जे मढे एका शेतातून काळजीपूर्वक हलवायचे, तेच दुसऱ्याने मुद्दाम मांडायचे, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

तिसरा रकाना आकाशातल्या पाहुण्यांचा. हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचे गरुड आणि सोनेरी गरुड मोठ्या प्रमाणावर मढ्यांवर जगतात. बंदुकीची शिशाची गोळी शरीरात शिरताना फुटते आणि तिचे बारीक कण मांसात विखुरतात. असे मांस गरुडाच्या पोटात गेले की शिसे रक्तात आणि हाडांत उतरते. अमेरिकेच्या ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या गरुडांच्या हाडांत दीर्घकाळ झालेल्या शिसेबाधेच्या खुणा होत्या. असाध्य दुखण्यामुळे इंजेक्शन देऊन ज्याला शांतपणे मरण दिले, अशा घोड्याचे किंवा गाईचे मढे खाऊनही गरुड दगावल्याच्या घटना आहेत.

मढ्यातल्या औषधाने काय अनर्थ होतो, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९०च्या दशकात आपली गिधाडे हजारोंनी मेली. कारण उमगून जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर गावोगावचे आकाश रिकामे झाले होते. मढे कुणासाठी मांडले, हे माणूस ठरवतो. ते कोण खाणार, हे मात्र त्याच्या हाती नसते.

कुत्रा, गाढव आणि लाल फडकी

मग मेंढपाळाने करायचे तरी काय? याची उत्तरे जुनीच आहेत आणि ती धनगरवाड्यावरच्या कुणालाही ओळखीची वाटतील. पहिले उत्तर म्हणजे राखणीचा कुत्रा. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा दांडगा पांढरा पिरेनीज आणि तुर्कस्तानचा अकबाश या जातींची पिल्ले लहानपणापासून मेंढ्यांतच वाढवली जातात. कळप हेच त्यांचे कुटुंब होते. काही ठिकाणी गाढव किंवा लामा हा दक्षिण अमेरिकेतला प्राणी कळपात सोडतात. कोयोटी दिसताच तो अंगावर धावून जातो. रात्री मेंढ्या वाड्यात कोंडणे, कोकरे जन्मण्याच्या काळात त्यांना छपराखाली ठेवणे, विजेचे कुंपण घालणे हे उपायही आहेत. दोरीवर लाल फडकी बांधून ती कुरणाभोवती लावायची, हा युरोपातून आलेला प्रकार काही काळ उपयोगी पडतो. पण कोयोटी थोड्या दिवसांत त्याला सरावतो. म्हणून उपाय बदलत राहावे लागतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या मॅरिन काउंटीने २००० साली सरकारी शिकाऱ्यांशी असलेला करार संपवला आणि तो पैसा मेंढपाळांना कुंपण, राखणीचे कुत्रे आणि नुकसानभरपाई यांसाठी दिला. काही मेंढपाळांनी त्यानंतरही स्वतःची बंदूक खाली ठेवली नाही, आणि या प्रयोगावर वादही झाले. पण कोयोटी मारण्यावरचा पैसा मेंढ्या राखण्यावर खर्च करून पाहावा, हा विचार तिथून इतरत्र पोचला.

हवा इतर बाबतीतही बदलते आहे. सर्वाधिक कोयोटी मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या शर्यतींवर कॅलिफोर्नियाने २०१४ साली बंदी घातली. व्हरमाँटने २०१८ साली, न्यू मेक्सिकोने २०१९ साली तोच मार्ग धरला आणि न्यूयॉर्क राज्याने २०२३ साली तसा कायदा केला. थंडीच्या कोटांना कोयोटीची लव लावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ‘कॅनडा गूज’ या कंपनीने २०२१ साली लवीचा वापर थांबवत असल्याचे जाहीर केले. आमिषावरची शिकार मात्र बऱ्याच ठिकाणी कायदेशीर आहे आणि तिच्याभोवतीचा वाद चालूच आहे.

आपल्याकडे या बाबतीत कायद्याची भाषा अगदी निःसंदिग्ध आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. फासे लावणे, हाकून काढणे आणि आमिष मांडणे हीसुद्धा शिकारच होय. ज्या १९७२ साली अमेरिकेने विषारी मांसावर बंदी घातली, त्याच वर्षी आपल्याकडे हा कायदा झाला, हा योगायोगच म्हणायचा. अर्थात, कायदा असूनही लांडग्याने मेंढी नेली की चिडून मढ्यात विष कालवण्याचे किंवा बिळात धूर करून पिल्ले मारण्याचे प्रकार इथेही घडतात. धनगराचे नुकसान वेळेवर भरून निघाले, तर त्याच्या हाताला विषाची पुडी लागणार नाही, हे मेनच्या शेतकऱ्याइतकेच दख्खनच्या माळालाही लागू आहे.

बर्फ वितळल्यावर

एप्रिल उजाडला की मेनमधल्या तळ्यांवरचा बर्फ काळपट, ठिसूळ होतो आणि एक दिवस कडकड आवाज करीत फुटतो. लपणाचे खोपटे रिकामे असते. जिथे मढे होते तिथली उरलीसुरली हाडे आणि केसांचे पुंजके पाण्यात बुडतात किंवा काठाला लागतात. झोपेतून उठलेले एखादे अस्वल वासाने तिथे येऊन हुंगून जाते.

त्याच सुमारास थोड्या अंतरावर, एखाद्या उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळाशी किंवा वाळूच्या टेकाडात, कोयोटीच्या बिळात डोळे मिटलेली पिल्ले आईला बिलगून पडलेली असतात. हिवाळा आईला सुखाचा गेला असेल तर पाच, सहा, कधी सातही. नर बाहेरून उंदीर, ससा आणून देतो. दोन-अडीच महिन्यांत पिल्ले बिळाबाहेर येऊन टोळांच्या मागे धावू लागतील, आणि पानगळ सरली की त्यांतली काही आईबापांना सोडून नव्या मुलखाच्या शोधात निघतील.

तोवर पुन्हा थंडी पडलेली असेल. गोठ्यातल्या मेलेल्या वासरासाठी कुणीतरी शेजाऱ्याला निरोप पाठवील, बादलीत मांस घालून वर पाणी ओतील. कावळे आधी येतील. मग एका रात्री, भुकेपोटी वाऱ्याची दिशा पारखायला विसरलेले, वर्षही न भरलेले एखादे पिल्लू झाडीतून बर्फावर पाऊल टाकील. त्याचे आईबाप मात्र वाऱ्याच्या खालच्या बाजूला, झाडांच्या सावलीत थांबलेले असतील.